गोळोबाच्या पोटातलं चाक

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात एकच वस्तू मला न विचारता विकत घेतली, आणि ती म्हणजे पावाची मोटार. लढाई संपून वर्ष झालं असेल-नसेल. नगरच्या कॅम्पात गोऱ्या शिपायांना पाव-बिस्किटं पोचवणारी एका बेकरीवाल्याची जुनी व्हॅन होती. पुढे ड्रायव्हर बसायचं खोकं, मागे पत्र्याचा बंद डबा, आणि त्या डब्याला पाठीमागून दोन दारं. गोरे निघून चालले, पावाचा खप उतरला, आणि बेकरीवाल्याने ती मोटार परसातल्या कोंबड्यांना आंदण देऊन टाकली होती. तिथून ह्यांनी ती उचलली. बैलजोडी लावून ती आमच्या दारापर्यंत ओढत आणली, तेव्हा सगळी आळी बघायला लोटली. पुढे बैल, मागे मोटार, चाक धरून बसलेले हे, आणि डब्यात विसरून राहिलेली एक खुडूक कोंबडी.

सासूबाईंनी दारातच हात आडवा केला. पावाचं पीठ पायांनी तुडवतात अशी त्या काळी आमच्याकडच्या बायकांची ठाम समजूत होती. त्यात भिक्षुकाचं घर. मग गोमूत्र शिंपडून झालं, कोंबडी परत पोचती झाली, आणि मोटार अंगणात लिंबाखाली उभी राहिली. पण गोमूत्राने वास कुठे जातो? ऊन तापलं की त्या पत्र्यातून भाजलेल्या पावाचा असा खमंग वास सुटायचा की जाणारे-येणारे आमच्या दाराकडे संशयाने बघत. मला तो वास फार आवडायचा. मी तसं बोलून दाखवलं नाही, कारण सुनेला काय आवडावं हे त्या घरात आधीच ठरलेलं होतं.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, भिक्षुकी करीत. पाथर्डीच्या रस्त्यावर, तिसगावच्या अलीकडे-पलीकडे कितीतरी गावांत त्यांचे यजमान होते. लग्न, मुंज, वास्तुशांत, श्राद्ध, काहीही निघालं की बैलगाडी आमच्या दारी येऊन उभी. हे त्यांचे एकुलते एक. लहानपणी पहाटे उठवून मामंजींनी ह्यांच्याकडून सगळं पाठ करून घेतलं होतं. आवाज तर असा की स्नान करताना ह्यांनी सहज एखादं सूक्त म्हटलं तरी शेजारच्या घरातली भांडणं थांबायची. पण मॅट्रिक झाल्यावर ह्यांनी जाहीर केलं की पळी-पंचपात्र घेऊन लोकांच्या बारशा-बाराव्याला मी हिंडणार नाही. मग कोर्टात नकलनवीस झाले. दिवसभर लोकांच्या भांडणांच्या नकला करून त्यांचं डोकं उठलं. ती नोकरी सोडली आणि ही मोटार आणली. नगर ते पाथर्डी माल आणि माणसं वाहायची, असा बेत होता.

मामंजी ओरडणाऱ्यांतले नव्हते. जेवून उठले, सुपारी कातरली आणि म्हणाले, "दसऱ्यापर्यंत ही दारातून स्वतःच्या पायांनी बाहेर गेली, तर तुझा मार्ग तुला मोकळा. नाही गेली, तर त्याच दिवसापासून माझ्याबरोबर यायचं, आणि पुन्हा मोटारीचं नाव घरात काढायचं नाही."

"कबूल," हे म्हणाले.

बापलेकांचा शब्द झाला. मी आत भाकरी थापत होते. मामंजींना मोटारीचा राग नव्हता, हे मला त्या घरात सगळ्यांच्या आधी कळलं होतं. त्यांचे गुडघे दुखू लागले होते, गावं तशीच होती, आणि त्यांना मुलगा हवा होता. उलट ह्यांना त्या कामाचा मनापासून वीट होता. भिक्षुकीत गेले असते तर ह्यांनी ती चोख केली असती, पण घरात मला एक गप्प बसलेला माणूस मिळाला असता. त्या विचाराने मला फार भीती वाटायची. म्हणून मी मोटारीच्या बाजूची झाले.

मोटार दुरुस्त करायला ह्यांनी कॅम्पातला एक मिस्त्री धरला. लढाईत आपण रणगाडे दुरुस्त केले असं तो सांगे. माझा अंदाज असा की त्याने ते धुतले असावेत. पहिल्या दिवशी त्याने इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "कारबोटर." कारबोटर खोलला, धुतला, बसवला. मग म्हणाला, "पेट्रोल में पानी." मग म्हणाला, "नजर लगी है." त्यावर सासूबाईंनी पहिल्यांदाच त्याला चहा दिला. शेवटी आषाढ संपता संपता इंजिन एकदाचं धडधडलं. आळीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. ह्यांनी दांडा पुढे ढकलला, मोटारीच्या बुडाखालून कोणीतरी लोखंड चावून खात असल्यासारखा आवाज आला, आणि चाकं जागची हलली नाहीत.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. त्याला दोन्हीकडे दोन लांब नळ्या, हात पसरल्यासारख्या. गोळ्याच्या पोटात एक मोठं दातेरी चाक असतं, इंजिनाची ताकद तेच चाकांना देतं. मिस्त्री त्याला 'क्राऊन' म्हणे. आमच्या क्राऊनचे दात झडून त्याचं बोळकं झालं होतं. हे निदान मात्र बरोबर निघालं, कारण ते मलाही दिसत होतं.

आता तसंच दुसरं चाक आणायचं कुठून? मोटार कोणत्या कंपनीची हेच मुळात कळत नव्हतं. नाव झिजून गेलेलं, बेकरीवाल्याला आठवेना, आणि ती बनवणारी कंपनी अमेरिकेत केव्हाच बुडाली असं मिस्त्री छातीठोकपणे सांगे. लढाईतला टाकाऊ माल तेव्हा नगरात ढिगांनी विकायला निघाला होता. हे रोज सकाळी तिकडे जात आणि हवं ते सोडून बाकी सगळं घेऊन येत. एकदा खेचराचं खोगीर आणलं. एकदा डाव्याच पायाचे दोन बूट. एकदा खरंच एक दातेरी चाक आणलं, दोघा हमालांनी उचलून. ते रणगाड्याचं होतं. त्याचं पुढे आम्ही न्हाणीघरात घंगाळ ठेवायचं बैठं केलं, आणि ते उत्तम टिकलं.

ह्या सगळ्यात ह्यांचं एक वेड आडवं येई. तेव्हा भाषाशुद्धीचं वारं होतं, आणि ह्यांच्या अंगात ते जरा जास्तच भिनलं होतं. इंग्रजी शब्द उच्चारायचा नाही. ब्रेक म्हणजे रोधक, क्लच म्हणजे पकड, कारबोरेटर म्हणजे मिश्रणपात्र. "मिस्त्री, मिश्रणपात्र उघडा," असं म्हटलं की मिस्त्री माझ्याकडे बघे आणि मी डोळ्यांनी त्याला इंजिन दाखवी. क्राऊनला ह्यांनी अर्थातच 'मुकुट' केलं.

पुण्याला ह्यांची मावशी असे. तिचा मुलगा मोटारींच्या दुकानांत ओळख बाळगून होता. ह्यांनी मावशीला कार्ड टाकलं, की जुन्या वाहनासाठी एक मुकुट आणि शक्य झाल्यास दंतचक्र तातडीने पाठवावे, वाहन मुकुटावाचून अडून बसले आहे. मुलाला दाखव, एवढं लिहायचं तेवढं राहिलं. मावशी देवभोळी. तिच्या मते वाहन म्हणजे देवाचं वाहन, आणि आमच्या घरचा देव गणपती. पंधरवड्याने पार्सल आलं. आत उंदराच्या डोक्याला बसेल एवढा, जरीकाम केलेला, खडे लावलेला एक चिमुकला मुकुट होता, आणि त्यासोबत दंतमंजनाची डबी.

मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. हेही शेवटी हसले. मला मात्र हसण्याऐवजी रडू आलं, कारण गणपती बसायची वेळ आली होती आणि दसरा काही लांब नव्हता. तो मुकुट त्या वर्षी उंदराला घातला. शोभला.

गणपती गेल्यावर तिसगावच्या पलीकडचे एक यजमान मुलीच्या लग्नाचा मुहूर्त विचारायला आले. म्हातारे शेतकरी, मोठं मुंडासं, पायांत जाड वहाणा. अंगणात शिरले ते थबकलेच. मिस्त्रीने आमचा गोळा मोटारीखालून काढून भिंतीला टेकवून ठेवला होता, दोन्ही हात पसरलेला. म्हाताऱ्यांनी वहाणा काढल्या, पुढे होऊन गोळ्याच्या पाया पडले, आणि मला म्हणाले, "बाई, तुमच्याकडं बी गोळोबा हाय व्हय?"

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, ती तशीच राहिले. "कोण गोळोबा?"

"आमच्या शिवंवरला देव. ह्यो आसाच. हात पसरून बसल्याला. लई कडक हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी कोणा ठेकेदाराची मोटार त्यांच्या शिवेवर मोडून पडली. ठेकेदार परत आलाच नाही. गावाने हळूहळू पत्रा नेला, लाकूड नेलं, चाकांच्या लोखंडी धावा नेल्या. गोळा जड, तो कोणाला हलेना, तो तिथेच मातीत रुतला. पुढे एका पावसाळ्यात तिथे लागोपाठ गाड्यांचे कणे मोडायला लागले. कोणीतरी गोळ्याला तेल घातलं, त्याची गाडी नीट गेली. मग काय, शेंदूर आला, गुरव आला, नारळ आले. गाडी नवी केली, कणा बदलला, की गोळोबाच्या बेंबीत तेल घालायचं. दर अमावास्येला तर सगळं गावच घालतं.

मोटारीखालून ह्यांचे दोन पाय बाहेर दिसत होते. ते पाय एकदम हलायचे थांबले. मग सगळे हेच बाहेर आले, तोंडाला काळं फासलेले. "बेंबीत म्हणजे? भोक आहे का तिथे?"

"हाय की. कितीबी घाला, पितंय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला मोटारीतलं काही कळत नसे, पण तेलात ठेवलेलं लोखंड गंजत नाही हे लोणच्यावर तेलाचा थर राखणाऱ्या कोणत्याही बाईला कळतं.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. हे, मिस्त्री आणि मी. सासूबाईंनी विचारलं, तू कशाला? म्हटलं, ह्यांना यंत्रांशी बोलता येतं, माणसांशी बोलायला कोणीतरी हवं. तिसगावपर्यंत सर्व्हिस मोटारीने गेलो, पुढे म्हाताऱ्यांची बैलगाडी होती. शिवेवर, बाभळीखाली, गोळोबा बसले होते. शेंदराची पुटं चढून चढून अंग गुळगुळीत झालेलं, पण ते पसरलेले हात आणि कडेने ओळीत बसलेले बोल्ट, सगळं आमच्या गोळ्यासारखंच. मिस्त्रीने बोल्ट मोजले. तितकेच होते. त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

गाव जमलं. मी तोंड उघडायच्या आत हे उभे राहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "मंडळी, गैरसमज नको. आम्हाला तुमचा देव नको. आम्हाला फक्त त्याचा मुकुट हवा आहे."

सगळे गोळोबाकडे बघायला लागले. मग एका आजींनी विचारलं, "देवाला मुकुट हुता?"

"आहेच," हे म्हणाले. "चांगला मोठा असणार."

झालं. सगळ्यांची तोंडं गुरवाकडे वळली. गुरव बिचारा हातात तेलाची बुधली घेऊन उभा. "म्या न्हाई बगितला!" तो म्हणाला. "न्हाई बगितला तर गेला कुठं?" "सोन्याचा हुता का रूप्याचा, त्ये तर सांगा!" "औंदा ह्येच्या पोरीच्या लग्नात पाटल्या आल्या, त्या कुठनं आल्या?" गुरवाची बायको पुढे झाली आणि तिने पाटल्या देणाऱ्या आपल्या भावाचं सगळं खानदान सांगायला घेतलं. दोन माणसं एकमेकांच्या गळ्याला भिडली. हे मध्येच "अहो, मुकुट म्हणजे चक्र" असं ओरडत होते, त्यावर कोणीतरी, "म्हंजे चक्रबी गेलं!" अशी भर घातली.

शेवटी मी पदर खोचला आणि गुरवाच्या बायकोपेक्षा वरच्या पट्टीत ओरडले, "मुकुट नव्हता! कोणी चोरला नाही! देवाच्या पोटात एक लोखंडी चाक आहे, ते आम्हाला हवंय. आमचं आहे ते दात पडलेलं आहे!"

सगळे शांत झाले. आजी म्हणाल्या, "आसं मराठीत बोला की मग."

ह्यांना हे इतकं लागलं की घरी येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

गाव वाईट नव्हतं. लोखंडाचं चाक द्यायला कोणाची ना नव्हती. त्याच्या जागी आमचं जुनं चाक बसवून झाकण लावायचं, हेही पटलं. अडलं ते एकाच ठिकाणी. गुरव म्हणाला, "देव आत बसल्याला हाय. त्यो आत आसताना त्येचं प्वाट कसं फाडायचं? आदी त्येला इधीवत भाईर काढा. मग काय त्ये करा, आन मागनं पुन्ना आत बसवा." आणि म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाला, "तुमचं भटजीबुवाच आना. त्येंचाच तर ह्यो ल्योक."

म्हातारे ह्यांना म्हणाले, "धाकलं भटजी, तुमीच का न्हाई करीत?"

"मी भटजी नाही," हे म्हणाले, आणि बैलगाडीत जाऊन बसले.

वाटेत मला सगळं स्पष्ट दिसत होतं. चाक मिळालं तर मामंजींचा मुलगा त्यांच्या हातून जाणार. आणि ते चाक काढून द्यायला मामंजीच हवेत. हे वडिलांना विचारणार नाहीत, जीव गेला तरी नाही. म्हणजे विचारायचं मलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी संध्येची भांडी चिंचेने घासत बसले होते. ते काम ते दुसऱ्या कोणाला देत नसत. मी समोर जाऊन बसले आणि मुकुटापासून पाटल्यांपर्यंत सगळं सांगितलं. ते पुन्हा ठसका लागेपर्यंत हसले. मग मी गुरवाची अट सांगितली. त्यांचा हात पळीवर तसाच राहिला.

"ह्याला येतं की हे सगळं," ते म्हणाले. "त्याने का नाही केलं?"

"येतं म्हणूनच नाही केलं."

"त्याने पाठवलं तुला?"

"नाही. ते विचारायचे नाहीत."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

मी म्हटलं, "तर दसऱ्याला ते तुमच्याबरोबर येतील, मामंजी. शब्द मोडायचे नाहीत."

आतून सासूबाई म्हणाल्या, "देवाचं पोट फाडायला जायचं? ह्या वयात?" मामंजींनी पळी धुतली, पुसली, पालथी घातली. दुपारी बघते तर पोथ्यांचा गठ्ठा सोडून बसलेले. संध्याकाळी मला हाक मारली. "सूनबाई, मूर्ती दुरुस्त करायची असेल तर देवाला तेवढ्यापुरतं कलशात बोलवायची सोय शास्त्रात आहे. मोटारीच्या चाकाचा उल्लेख नाही. पण निषेधही नाही." जरा थांबून म्हणाले, "कलश मोठा घे. देव बराच तेलकट असणार."

दसऱ्याला फार दिवस नव्हते तेव्हा आम्ही सगळे पुन्हा शिवेवर पोचलो. ह्या वेळी गावाने जागा सारवून ठेवली होती. मिस्त्री पान्ह्यांची पिशवी घेऊन एका बाजूला, गुरव नारळ घेऊन दुसऱ्या बाजूला. एरवी मामंजी असल्या देवांना 'शेंदऱ्या' म्हणत आणि पुढे चालू लागत. त्या दिवशी त्यांनी गोळोबाला नीट नमस्कार केला. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "इतकी माणसं इतकी वर्षं तेल घालतायत. कोणीतरी असणारच आत."

आता पूजेला यजमान कोण बसणार? ज्याच्यासाठी पूजा, तो बसतो. गावातलं कोणी पुढे होईना. देव कोपला तर यजमानावर कोपणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हे बाह्या सरसावून पुढे झाले. "मी बसतो. मोटार माझी आहे."

"तू ऊठ," मामंजी म्हणाले. "यजमान मीच. काय कोप व्हायचा तो माझ्यावर होईल."

हे काहीतरी बोलणार होते. मामंजींनी तिकडे बघितलंच नाही. पाटावर बसले, आचमन केलं, उजव्या तळहातावर पाणी घेतलं, अक्षता टाकल्या आणि संकल्प सांगायला सुरुवात केली. संकल्पात देश-काळ सांगायचा, आपलं नाव-गोत्र सांगायचं, आणि हे कोणासाठी आणि कशासाठी करतोय ते स्पष्ट म्हणायचं. मग हातातलं पाणी ताम्हनात सोडायचं. मी हे शेकडो वेळा ऐकलं होतं. देश झाला, काळ झाला, गोत्र झालं. आणि मामंजी थांबले.

"मोटारीला काय म्हणतोस रे तू?" त्यांनी न वळता विचारलं.

"स्वयंचल वाहन," हे म्हणाले.

"वाहन नको. पुन्हा उंदीर यायचा."

गावाला काही कळलं नाही, पण मी हसले. हेही हसले. हे घरून निघाल्यापासून पहिल्यांदा हसले. जरा विचार करून म्हणाले, "स्वयंयान?"

"स्वयंयान. बरं आहे."

आणि तरी मामंजी बोलेनात. तळहात पुढे धरलेला, त्यातलं पाणी बोटांच्या फटींतून थेंब थेंब गळत होतं. इतकं साधं वाक्य त्यांना अडावं असं काही नव्हतं. पण संकल्प तोंडाने म्हणायचा आणि मनात दुसरं ठेवायचं, हे त्यांनी कधी केलं नव्हतं. लोकांच्या घरी केलं नव्हतं, मग इथे कसं करतील? बाभळीखाली सगळं गाव उभं होतं, आणि काय चाललंय ते आम्हा दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. ह्यांची मान खाली गेली होती.

गुरव हळूच म्हणाला, "भटजीबुवा, पानी समदं गळून गेलं."

मामंजींनी तळहात पुढे केला. हे पटकन खाली बसले, पळी उचलली आणि वडिलांच्या हातावर पाणी घातलं. ज्या पळीला हात लावणार नाही म्हणून इतकी वर्षं भांडले, तीच पळी. मामंजींनी ते बघितलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्याने, एकेक अक्षर सोडवून म्हटलं, "मम पुत्रस्य स्वयंयानस्य निर्विघ्नचलनसिद्ध्यर्थम्." माझ्या मुलाची मोटार विनाविघ्न चालावी म्हणून. आणि पाणी सोडलं.

पुढचं भराभर झालं. देव कलशात आले आणि तो कलश माझ्या मांडीवर आला. मिस्त्री झाकण उघडीपर्यंत मी देवाला धरून बसले होते, आणि आजी दर थोड्या वेळाने येऊन "बरं हाय न्हवं?" असं कलशाला विचारून जात होत्या. मिस्त्रीचे बोल्ट हलेनात, मग गावातल्या लोहाराने घण आणला. झाकण निघालं. आत गोडंतेल, करडईचं तेल, एरंडेल, कोणी कोणी काय काय घातलेलं, त्याचा दाट काढा झालेला. ह्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि चाक वर काढलं. पुसलं तर कोरं करकरीत, एकही दात पडलेला नव्हता. मिस्त्री म्हणाला, "मैं पहले से बोला था." तो काहीच बोलला नव्हता. आमचं बोळकं आत गेलं, झाकण लागलं, देव आपल्या जागी परतले, आणि गुरवाने ताजं तेल घातलं.

मोटार चालली की नाही हे उगाच ताणत नाही. दसऱ्याला, झेंडूच्या माळा घालून, ती दारातून स्वतःच्या चाकांनी बाहेर पडली आणि माळीवाड्याचा वळसा घेऊन परत आली. पुढे कित्येक वर्षं ती पाथर्डीच्या रस्त्यावर धावली, आणि गोळोबाच्या शिवेवर गाडीचे कणे मोडल्याचंही कधी कानावर आलं नाही.

पण मला दसऱ्याची धामधूम तेवढी आठवत नाही. मला आठवतं ते आम्ही चाक घेऊन घरी आलो ती संध्याकाळ. दिवेलागण झाली होती. हे आणि मिस्त्री वाटेतल्या धुळीसकट, पाय न धुताच मोटारीखाली शिरले होते आणि ठोकाठोक सुरू झाली होती. सासूबाई दारात निरांजन घेऊन उभ्या. मामंजी पायऱ्या चढून आले, गुडघ्यावर हात ठेवून जरा टेकले.

"झालं का हो काम?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं," मामंजी म्हणाले. "पाणी सोडून आलो."

दिवसभर कोणाला ना कोणाला बोलणाऱ्या माझ्या सासूबाईंनी निरांजन माझ्या हातात दिलं, मामंजींच्या खांद्यावरची पोथ्यांची झोळी काढून घेतली, आणि त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं.